सात पाऊणे सव्वापाच

काष्टीच्या पाण्याला समुद्र गाठायचा असला तर ते पूर्वेकडं तोंड करून निघतं. आमच्या भागातून वाहणारी घोड नदी भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात जरा टेकते, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून मिरवते, मग कर्नाटकाची वाट धरते आणि उगमापासून ८६१ किलोमीटर चालून झाल्यावर कृष्णेच्या स्वाधीन होते. कृष्णा तिला आंध्रात हंसलदीवीपर्यंत नेते आणि तिथं बंगालचा उपसागर लागतो. गंमत अशी, की घोड काय नि भीमा काय, दोघींचा जन्म सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचा. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण दिसतं. इतका जवळचा समुद्र सोडून या दोघी पाठ फिरवून का निघाल्या, याचं कारण भूगोलाच्या पुस्तकात दिलेलं आहे. आमच्या आईला ते पटत नाही. तिचं म्हणणं, "मग पंढरपूर कसं लागलं असतं वाटेत?"

त्यामुळं अरबी समुद्राशी आमच्या घराचं नातं कधी जुळलंच नव्हतं. काष्टीकराची मोठ्या पाण्याची कल्पना उजनीपाशी थांबते. १९८० साली ते धरण पूर्ण झालं आणि फुगवटा पार भिगवणच्या पुढपर्यंत आला. तिथं जायचं, हिवाळ्यात पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी बघायचे, हॉटेलात बसून चिलापी खायची आणि घरी यायचं. पाणी म्हणून जे काही बघण्यासारखं आहे ते यात सगळं येतं, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं ठाम मत होतं. शिवाय खाऱ्या पाण्याचा उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न होताच. पिकाला चालत नाही, जनावराला चालत नाही. मग एवढं साठवून ठेवलंय कशाला?

ही गाठ सोडवली पुतणीनं. ती पुण्याला नोकरी करते आणि सव्वा वर्षाच्या मुलाची आई आहे. पणतवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आबांपुढं तिनं देवबागचं नाव काढलं. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, तारकर्लीच्या पुढं देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूचा चिंचोळा पट्टा, त्यावर माडांच्या सावलीत अख्खं गाव. "सगळ्यांनी जायचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात हे फार सोपं वाटलं, कारण पुण्याला तिच्या फ्लॅटमध्ये गाई नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात 'सगळ्यांनी' हा शब्द फक्त लग्नाच्या पत्रिकेत खरा असतो. सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला गाईंखाली बसावं लागतं. यंत्रानं धार काढली तरी यंत्र लावायला माणूस लागतो, आणि दूध संकलन केंद्रावर किटली नेणाराही माणूसच लागतो. त्यात घोडच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाण्याची पाळी रात्री दोनला आली तरी बांधावर हजर राहायचं. कारखाना सुरू झाला की उसाची तोड कधी येईल याचा भरवसा नाही. शनिवारी काष्टीचा जनावरांचा बाजार. आमच्याकडं विकायला काही नसलं तरी बाजाराला न जाणं आबांच्या तब्येतीला मानवत नाही. कार्तिकीला आई पंढरपुरी. मुलांची शाळा, पुतणीच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या जावईबापूंची रजा. एवढ्या सगळ्या खुंट्या चुकवत आम्ही भाऊबीज ते कार्तिकी एकादशी यांच्यामधली फट शोधली. उरल्या गाई. त्यांच्यासाठी नाना, म्हणजे माझे थोरले भाऊ मागं राहिले. ते आपण होऊन राहिले असं आम्ही सगळ्यांना सांगतो.

काष्टी, दौंड, बारामती, फलटण, सातारा, कोल्हापूर आणि तिथून राधानगरीवरून फोंडाघाट. टेम्पो ट्रॅव्हलरचा मागचा बाक सामानानं भरलेला होता. त्यात बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, तवा आणि एक स्वतंत्र पिशवी आईची. आई माळकरी. जिथं मासे शिजतात तिथलं भांडं तिला चालत नाही, म्हणून तिचं तांब्या-ताट, पातेलं, पळी तिच्याबरोबर. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं, मुलांनी तांबडा-पांढरा ओरपला. एरवी चारशेहून जास्त किलोमीटरच्या या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. फोंडाघाट उतरताना मात्र आबा खिडकीतून हिरवाईकडं बघून गप्प झाले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढं पाणी पडतं इथं, आन् ऊस कुठंच दिसंना."

देवबागला पोचलो तेव्हा अंधार पडला होता, त्यामुळं समुद्र आधी ऐकू आला. आईनं विचारलं, "हा आवाज रात्रभर?" घरमालकांनी हसून मान हलवली. आमच्याकडं रात्री इतका सलग आवाज फक्त शेजारच्या मळीतल्या मोटारीचा असतो आणि तोही थ्री फेज लाइट असेपर्यंत. इथं लाइट गेली तरी समुद्र चालूच. पहाटे चारला आबा आणि आई दोघंही सवयीनं उठून ओटीवर बसले होते. काही काम नाही म्हणून काय करावं ते दोघांनाही सुचेना.

उजाडल्यावर आबांनी पहिली गोष्ट पाहिली ती परसातली विहीर. समुद्र एवढ्या जवळ, खाडी पलीकडं तेवढीच जवळ, आणि विहिरीला हात घातला तर लागेल इतक्या वर पाणी, तेही गोड. ज्या माणसानं एकापाठोपाठ बोअर मारून नुसता धुरळा उडताना पाहिला आहे, त्याला हा प्रकार सहन होणं कठीण. घरमालकांनी समजावून सांगितलं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. तेवढं वरचं वर उचललं तर गोड. हावरटपणानं उपसा केला की खालचं खारं वर येतं आणि विहीर बिघडते. आबांनी विचारलं, "मोटार किती एचपीची लावता?" उत्तर ऐकून त्यांना घरमालकांबद्दल आधी कीव आली. मग थोड्या वेळानं आदर वाटला असावा, कारण दिवसभर त्यांनी आंघोळीला पाणी जपून घेतलं आणि आम्हालाही घ्यायला लावलं.

असं गाव वसतं कशावर, हेही त्यांनी विचारून घेतलं. नदी डोंगरातून वाळू आणते, समुद्राच्या लाटा ती किनाऱ्याला समांतर रचत जातात, आणि वर्षानुवर्षांनी असा एक दांडा तयार होतो. पण जो देतो तोच नेतो. देवबागच्या किनाऱ्याची धूप ही जुनी दुखरी नस आहे. समुद्राच्या बाजूनं बंधारा हवा ही इथल्या लोकांची कित्येक वर्षांची मागणी. घरमालक पाण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "थंय आमचे माड होते." त्या ठिकाणी आता लाटा फुटत होत्या. मी मोठेपणानं सांगितलं, की अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर अशीच वाळूची लांबलचक बेटं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या लोक आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळं कुटुंब घेऊन उन्हाळ्यात तिथं जाऊन राहतात. तिथल्या केप हॅटरसच्या दीपगृहापाशी समुद्र इतका जवळ आला, की १९९९ साली ते अख्खं दीपगृह उचलून रुळांवरून सुमारे ८८० मीटर आत सरकवलं.

आबांवर दीपगृहाचा काहीच परिणाम झाला नाही. ते माडांवरच अडकले होते. आमच्या घरात एका बांधाची केस तालुक्याच्या कोर्टात मी शाळेत होतो तेव्हापासून चालू आहे. भावकीनं नांगराच्या दोन तासांइतका बांध कोरला, एवढंच प्रकरण. इथं समुद्रानं माडांच्या रांगा कोरून नेल्या आणि समोर उभा असलेला माणूस हे शांतपणे सांगत होता. आबांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "मग ह्यांनी दावा कुणावर लावायचा?"

किल्ला झाला. सिंधुदुर्ग बघायला होडीतून जाताना आईनं दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं होतं. कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात महाराजांनी हा किल्ला बांधला, इतिहास सगळ्यांना ठाऊक. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा, हे सगळं भक्तिभावानं झालं. पण आमचं कुटुंब खरं खिळलं ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चहूकडं समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. वहिनी म्हणाल्या, "महाराजांनी आधी पाणी बघितलं, मग किल्ला बांधला." आमच्याकडं लग्नाला मुलगी देतानाही हाच क्रम असतो, म्हणून त्यांना ते चटकन समजलं असावं.

आता मुख्य गोष्ट. कर्ली जिथं समुद्राला मिळते तिथं, देवबागच्या टोकापाशी, पाण्यात एक वाळूचा उंचवटा आहे. त्याला सगळे त्सुनामी बेट म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं लोक सांगतात. ओहोटीला ते दिसतं, भरतीला जातं. मुलांना तिथं जायचं होतं, कारण तिथं पाण्यातले खेळ असतात. संध्याकाळी होडीवाल्या दादांना विचारलं, कधी निघायचं? ते म्हणाले, "उद्या अकरा वाजता येवा. सुकती आसतली."

माझ्या धाकट्यानं मोबाइल काढून भरती-ओहोटीचं काहीतरी शोधायला सुरुवात केली. देवबागच्या टोकाला रेंज येत-जात होती, त्यामुळं गोल चक्र फिरत राहिलं. आबांनी दादांना विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?" दादा म्हणाले, "तिथीची पाऊणपट केली की भरतीचो टायम."

यावर आमच्यातल्या शिकलेल्या मंडळींचे चेहरे कोरे राहिले. आई मात्र लगेच म्हणाली, "उद्या सप्तमी. कार्तिकीला चार दिवस राहिले." आणि तिचं वाक्य संपायच्या आत आबांच्या तोंडून, कुणी खटका ओढावा तसं निघालं, "सात पाऊणे सव्वापाच."

दादांनी मान डोलावली. "बरोबर. सव्वापाचाक भरती. सहा तास पुढे गेलात की सव्वाअकराक सुकती."

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आबांच्या पिढीनं हे पाढे संध्याकाळी दिवेलागणीला ओरडून म्हटले आहेत आणि चुकलं तर छड्या खाल्ल्या आहेत. त्यांच्या दुर्दैवानं ते तिसरी-चौथीत असताना, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, पुढं शेराचा किलो झाला, आणि पाऊणकी पाठ असलेला पोरगा वर्गात उगाचच हुशार ठरला. बाजारात थोडाफार उपयोग झाला असेल, पण तोही हळूहळू संपला. नातवंडांना ते पाढे म्हणजे आबांची एक करमणूक वाटायची. आता होडीच्या काठाशी, खाऱ्या वाऱ्यात, त्या पाढ्याला एकदम भाव आला.

यामागचं कारण मी नंतर मुलांना समजावलं. तिथी चंद्रावर चालते आणि भरतीही चंद्राच्याच ओढीनं येते. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढं सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे ढोबळमानानं पाऊण तास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि पाणीही तेव्हा सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, त्याला भांग. मोबाइलला रेंज आल्यावर त्यातली वेळ आणि आबांची वेळ यांत थोडा फरक निघाला. आबांनी तो मोबाइलच्या नावावर टाकला.

पण मला त्यातलं वेगळंच काहीतरी आवडलं. आईला तिथी पाठ, पण पाढे येत नाहीत, ती शाळेत गेलीच नाही. आबांना पाढे पाठ, पण तिथीचा पत्ता नसतो. एकादशी आहे हे त्यांना ताटात भगर आल्यावर कळतं. संसार सुरू झाल्यापासून दोघांनी मिळून पुष्कळ कामं केली असतील, पण एक गणित दोघांनी अर्धं-अर्धं सोडवलं, असं घडताना आम्ही प्रथमच पाहत होतो. त्यानंतर त्या दोघांचा उद्योगच झाला. जेवताना आई म्हणायची, "परवा अष्टमी," आणि आबा घास थांबवून, "आठ पाऊणे सहा." घरमालकीण बाई वाढता वाढता म्हणायच्या, "होय तर, सहाकच." नातवंडांनी हट्टानं कार्तिकीचीही भरती काढून घेतली, अकरा पाऊणे सव्वाआठ, आणि तेव्हा आपण काष्टीत असणार म्हणून हळहळली.

घरी सगळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. शेतात आबांचा शब्द, देवघरात आईचा, बँकेच्या कामात माझा, फोन बिघडला की धाकट्याचा. समुद्रापुढं यातलं कुणीच काही जाणत नव्हतं आणि त्यामुळं एक वेगळीच मोकळीक आली होती. आबा सव्वा वर्षाच्या पणतवाइतकेच नवखे. लाट आली की दोघंही सारखेच दचकत आणि सारखेच मागं सरत. फरक इतकाच, की पणतू पडल्यावर हसायचा आणि आबा उठून धोतर झटकत वाळूला नावं ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी बेटावर गेलो. वाळू घोट्याएवढ्या पाण्यातून वर आलेली, आजूबाजूला होड्या, आरडाओरडा. मुलं लगेच पाण्यात गेली. आईनं नऊवारीचा ओचा नीट खोचला, ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि मग हात जोडले. हळद-कुंकू ती काष्टीहून घेऊन आली होती. आबा मात्र त्या वाळूवर कडेनं चालत राहिले. मोजत होते. साधारण किती गुंठे भरतात याचा अंदाज घेऊन ते दादांपाशी आले आणि विचारलं, "याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

दादांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते इतके हसले की होडी हलली. "आजोबानू, संध्याकाळी हंय पाणी. सातबारो कोणाचो घालूचो?"

ज्या जमिनीची नोंद नाही, बांध नाही आणि जी संध्याकाळी असणारच नाही, तिच्यावर पाय ठेवून उभं राहणं आबांना शेवटपर्यंत जमलं नाही. साडेअकरापासूनच त्यांनी "चला, सव्वापाचला भरती" असा धोशा लावला. शेवटी जेवणाच्या वेळेला सगळे निघाले ते भुकेनं, पण आपण वेळेत बाहेर काढलं याचं समाधान आबांच्या चेहऱ्यावर होतं.

बायकांच्या सुट्टीबद्दलही लिहिलं पाहिजे. ठरलं होतं असं, की इथं कुणी चुलीपुढं बसायचं नाही. दुसऱ्या सकाळी वहिनी आणि माझी बायको घावणे कसे करतात ते "नुसतं बघायला" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. अर्ध्या तासानं आत वहिनी बाजरीच्या भाकरी थापत होत्या आणि घरमालकीण बाई शेजारी उभ्या राहून ते बघत होत्या. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या त्यांच्या मुलांनी बाजरीची भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली आणि पाणी पीत बाहेर पळाली. आईसाठी वेगळ्या चुलीवर नारळाच्या रसातली वालाची उसळ झाली. सोलकढी पाहून आईनं हे गुलाबी ताक कुणाचं, असं विचारलं. नारळाचं, म्हटल्यावर तिनं दोन वाट्या घेतल्या. गाय न पाळता ताक मिळतं ही माहिती तिनं त्याच रात्री नानांना फोनवर दिली.

नानांचा फोन रोज सूर्य टेकायच्या वेळेला यायचा, कारण तेव्हाच धार उरकलेली असायची. सगळे किनाऱ्यावर मावळतीचे फोटो काढत असताना आबा पाठ फिरवून फोनच्या पडद्यावर गोठा बघत असायचे. "ती कपिली बघू. कास दाखव तिची. आज खाल्लं का नीट?" नाना फोन घेऊन एकेका दावणीपाशी जायचे. मग कुणीतरी फोन फिरवून नानांना समुद्र दाखवायचं. नाना क्षणभर बघायचे आणि म्हणायचे, "लई पाणी हाय." मग परत गाई.

एका संध्याकाळी मालवण बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो. होड्या लागलेल्या, ढीग ओतले जात होते, बांगडे, तारली, सुरमई, एखादी मोरी, आणि ढिगाभोवती बायकांचा आणि व्यापाऱ्यांचा गराडा. आवाज चढत होते. आबांनी आवाज ऐकला आणि त्यांची चाल बदलली. इतक्या दिवसांत प्रथमच ते कुणाला न विचारता गर्दीत शिरले. बाजार होता तो. काष्टीच्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला बाजार ओळखायला वेळ लागत नाही.

पण थोड्या वेळानं ते बाहेर आले ते नाराज होऊन. आमच्याकडं जुनी माणसं सौदा करतात ती उपरण्याखाली. एकमेकांचा हात धरायचा, वरून कापड टाकायचं आणि बोटं दाबून भाव सांगायचा. चारचौघांत आकडा फुटता कामा नये. इथं तर भाव उघड उघड ओरडून चालला होता. "असा भाव सांगतात व्हय? समद्या गावाला कळंल की," ते मला म्हणाले. तरीही पाय निघेना. परत आत गेले आणि एका बाईच्या टोपलीपुढं बसले. त्यांनी एक सुरमई दोन्ही हातांनी उचलली आणि अंगठ्यानं तिचा जबडा उघडायला सुरुवात केली.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बैल घेताना पहिल्यांदा तोंड उघडून दात बघतात. अदंत, दोन दाती, चौसा, सहा दाती, मग जुळला. दातावरून वय आणि वयावरून किंमत. आबांचा अंगठा ते आपोआप करत होता, त्यांचा काही दोष नव्हता. कोळीण बाई दोन क्षण बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आजोबानू, दात कसले बघतास? कल्लो बघा. तांबडो असलो तर ताजो." आणि त्यांनी बोटानं गालाजवळचं झाकण वर करून आतला लालभडक भाग दाखवला. आबांनी वाकून पाहिला. मग दुसऱ्या माशाचा स्वतः उघडून पाहिला. तो फिकट होता. "हा शिळा," आबा म्हणाले. बाईंनी तो मासा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि टोपलीच्या तळाशी सरकवला. त्या संध्याकाळी बाईंना गिऱ्हाइकाला शिकवल्याचा पश्चात्ताप होण्याइतके मासे आबांनी उघडून पाहिले. शेवटी सुरमई घेतली. भाव करताना त्यांनी सवयीनं बाईंपुढं हात केला, मग बाईमाणूस आहे हे ध्यानात येऊन तो डोक्यावरच्या टोपीकडं वळवला. बाईंनी सांगितला तोच भाव दिला. आबांनी सांगितला तो भाव दिल्याचं हे एकमेव ज्ञात उदाहरण.

परतीच्या प्रवासाचं विशेष काही नाही. टेम्पोच्या प्रत्येक बाकात वाळू होती, जावईबापूंचे खांदे उन्हानं सोलले होते, आणि आईच्या पिशवीत बाटलीभर समुद्र होता. तो भावकीतल्या बायकांना चाखायला. काष्टीत शिरताना शनिवार होता आणि बाजार उठत होता. आबा दौंडपासून पुढच्या सीटवर सरसावून बसले होते, ते टेम्पो पुरता थांबायच्या आत उतरले.

दोन दिवसांनी रात्री जेवणं झाल्यावर आईनं विषय काढला. पुढच्या दिवाळीत नानाही आले पाहिजेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग गाईंचं काय? आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. त्यांचा विचार असा होता. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते. विण्याआधी दोन महिने तिला आटवतात, तेव्हा धार नसते. फाल्गुनात सगळ्या गाई एकदम भरवल्या, तर मार्गशीर्षात वितील. म्हणजे दिवाळीला सगळ्या आटलेल्या. धारच नाही, तर थांबायचं कुणी कशाला? महिने त्यांनी बोटावर मोजले, तिथ्या आईनं पुरवल्या. हिशोब बिनचूक होता. देवबागनंतर दोघांचा हात चांगला बसला होता.

माझी बायको म्हणाली, "म्हणजे दोन महिने दुधाचं पेमेंट नाही. ट्रॅव्हलरवाल्याला काय द्यायचं?" आबांनी त्याला खर्च न म्हणता भांडवल म्हणावं असं सुचवलं. धाकटा म्हणाला, सगळ्या गाई एकदम व्यायल्या तर त्याची परीक्षा त्याच महिन्यात असते. आबांनी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

नाना कोपऱ्यात किटल्या धूत होते. त्यांनी हिशोब पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, किटली पालथी घातली, हात पुसले आणि विचारलं, "आन् आटलेल्या गाईला वैरण कोण टाकणार?"